समोरून गुलाल

ब्राह्मणपुरीत माझ्या भिलामामाला नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी उरली होती. बाकीचं गाव त्याला 'मोटारवाला' म्हणायचं. एके काळी हेच गाव हेच नाव कौतुकाने घ्यायचं, हे आईने सांगितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. मला कळायला लागल्यापासून हा शब्द मी शिवीसारखाच ऐकला. मामाच्या मोटारीखाली सात माणसं मेली होती. त्यांतला एक त्याचा सख्खा थोरला भाऊ, माझा मोठा मामा सुकलाल. एवढं कळल्यावर गावाला पुढचं काही विचारायची गरज वाटली नाही. मला वाटली, पण फार उशिरा.

माझी आई या दोघांची धाकटी बहीण. आजोबा लवकर गेले, तेव्हा सुकलालमामाने घर अंगावर घेतलं. तो बोलायला कमी, पण बैलांत त्याचा जीव. शर्यतीचे गोऱ्हे तो स्वतः वाढवायचा, हाताने गूळ चारायचा आणि हाकायला धाकट्या भावाला बसवायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाबाहेरच्या गाडवाटेवर शर्यती लागत. वावरं मोकळी पडलेली, माहेरवाशिणी आलेल्या, निंबांना झोके टांगलेले आणि पुरुषांच्या हाताला काम नाही, असे ते दिवस. मिसरूड फुटायच्या आधीपासून भिलामामा त्या शर्यती मारत आला होता.

आमच्याकडे शर्यतीची एक रीत होती. गाडी शेवटाला येऊ लागली की त्या घरातला कर्ता माणूस वाटेच्या मधोमध येऊन उभा राहायचा. त्याची बायको गुलालाचं ताट घेऊन बाजूला. बैलांनी समोर आपला माणूस बघायचा, पाय आवरायचे, आणि मग त्याने त्यांच्या कपाळावर मूठभर गुलाल टाकायचा. ही नुसती हौस नव्हती. उधळलेले बैल कासऱ्याने थांबत नाहीत, पण ज्या हाताने गूळ खाल्ला तो हात पुढे दिसला की थांबतात. म्हणजे आमच्या घरात पळवणारा भिला आणि थांबवणारा सुकलाल. गुलाल कडेला उभं राहून टाकणं हा कमीपणा होता. कडेला उभा राहिला तो आपल्याच जनावरांना भ्याला, असं गाव म्हणायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्याची टर उडवायचं. बाकीचे सगळे त्या कर्त्या माणसाच्या पाठीमागे दाटी करून उभे राहायचे. तो पुढे उभा आहे म्हटल्यावर आपण कशाला भ्यायचं, असा त्यांचा हिशेब.

मग मोटारी आल्या. नंदुरबारला आगगाडी होती, पण तापीवर पूल नव्हता. गाडीने आलेली माणसं नदीपर्यंत यायची, नावेतून प्रकाशा गावच्या घाटावर उतरायची आणि तिथून शहाद्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत कोंबून बसायची. भिलामामा एकदा कापूस घेऊन नंदुरबारला गेला तो मोटारीच्या नादी लागून तिथेच राहिला. आधी क्लीनर होऊन गाडी धुतली, हँडल मारलं, मग धुळ्याला जाऊन लायसन काढून आला. मोठ्या मामाने रागवायला हवं होतं. तो रागावला नाही. बाजाराच्या दिवशी मुद्दाम घाटावर जाऊन धाकट्या भावाची मोटार लांबूनच बघून यायचा.

घाटावर दोन मालकांच्या मोटारी लागत. एक भाईदास शेठची, ती भिलामामा चालवायचा. दुसरी शहाद्याच्या दुसऱ्या एका मालकाची, तिच्यावर दगा नावाचा ड्रायव्हर. नाव काठाला लागायच्या आत जी मोटार घाटावर पोचेल तिला उतारू मिळायचे. त्यामुळे शहाद्यापासून प्रकाशापर्यंत रोजची शर्यत. कोंबड्या मेल्या, एक-दोन बकऱ्या मेल्या, एका म्हातारीने ओढ्यात उडी घेतली म्हणून वाचली, आणि लोक हसले. भिलामामा कधी हरला नाही. आई त्याची बाजू घेणारी, पण तीही म्हणायची, "भिलाले लोकेसनी देखेल फार आवडे." लोक रस्त्यावर येऊन उभे राहत आणि हा भोंगा वाजवत धुरळा उडवत जाई. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. खापर गावची दुसरी सोयरीक ठरली तेव्हा मुलीच्या बापाने नवऱ्यापेक्षा मोटारच जास्त न्याहाळली म्हणे.

भाईदास शेठला वाटलं, रोजची ही जीत फुकट जाते. आखाजीला पंचक्रोशीतली माणसं जमतात, त्यांच्या डोळ्यांदेखत दगाची मोटार हरवली तर पुढे उतारू आपोआप आपल्याकडे येतील. त्याने दुसऱ्या मालकाला डिवचलं, दवंडी पिटवली, गाडवाट रुंद करून घेतली. बैलांच्या शर्यतीनंतर मोटारींची शर्यत. गाव खूश. मामा तर हवेतच होता.

पण त्याला मोटार ठाऊक होती, म्हणून आखाजीच्या दिवशी सकाळी त्याने भावाजवळ विषय काढला. अंगणात आई आणि गजरामामी सांजोऱ्या लाटत बसल्या होत्या. गजरामामी म्हणजे सुकलालमामाची बायको. आईने ते बोलणं मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे बसले होते असं मला वाटतं.

"भाऊ, तू आज समोर उभा ऱ्हाऊ नको," भिलामामा म्हणाला. "मोटारले मानूस वळखू येत नही."

"तू ते वळखस ना?"

"मी वळखस. पन ती मन्हं लगेच आयकत नही. ब्रेक दाबा तरी ती म्होरे सरकस."

मोठ्या मामाने बैलाच्या दुसऱ्या शिंगाला तेल लावलं. मग म्हणाला, "बैल व्हतात तवय मी लागे तुले. आते मशीन शे. आते भाऊ कसाले लागी?"

असं बोलल्यावर कुठला धाकटा भाऊ टिकेल? भिलामामा नरमला. गुलाल टाक, पण कडेला उभा राहून टाक, एवढंच कबूल कर म्हणाला. "मन्ही शप्पथ शे तुले." मोठ्या मामाने मान हलवली. गजरामामी लाटत राहिली.

मी तेव्हा तीन-चार वर्षांची, आईच्या कडेवर. आई झोक्यांपाशी उभी होती, तिथून शेवट दिसत नव्हता. तिने दोन मोटारी सुटलेल्या पाहिल्या आणि मग फक्त धुरळा. भिलामामाची मोटार पुढे होती हे लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. मग ओरडणं बदललं. आई पळाली. ती पोचली तेव्हा मोटार वाटेबाहेर आडवी पडली होती, काच फुटून गेली होती, चाक फिरत होतं. जिंकणाऱ्यावर उधळायला प्रत्येकाने मुठीत गुलाल घेतलेला, तो सगळीकडे उडालेला. त्यामुळे रक्त कुठलं आणि गुलाल कुठला ते कळत नव्हतं. बायका एकेकाचं तोंड पदराने पुसून आपलं माणूस आहे का बघत होत्या. सुकलालमामाचं तोंड आईने पुसलं. गजरामामी रिकामं ताट हातात घेऊन उभी होती, आणि तिच्या हातातून ते ताट कुणालाही काढून घेता येईना.

दगा मागे पडला होता म्हणून त्याला थांबायला वेळ मिळाला. आयुष्यभर हरत आलेल्या माणसाला त्या दिवशी हरणं फळलं.

धुळ्याला खटला चालला. भाईदास शेठने कानांवर हात ठेवले. ड्रायव्हरने परस्पर मोटार नेली, शर्यत आपल्याला माहीतच नव्हती, असं त्याने कोर्टात शपथेवर सांगितलं. दवंडी ऐकलेलं अख्खं गाव त्याच्या मागच्या बाकांवर बसलं होतं. एकालाही खोकला आला नाही. शेठचा वकील मामाला म्हणाला, माणसं अचानक आडवी आली असं सांग, सुटशील. मामाने सांगितलं नाही. जिंकायच्या नादात माझ्याकडून ब्रेक उशिरा लागला, एवढंच तो बोलला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. खापरची सोयरीक मोडली. तो तुरुंगात असतानाच शेठने नवी मोटार आणली आणि तिच्यावर ड्रायव्हर ठेवला दगाला.

मामा सुटला तेव्हा दुसरीकडे कुठेही जाऊ शकला असता. सुरतेकडे गिरण्या होत्या, जगभर मोटारी होत्या. तो ब्राह्मणपुरीला आला, कारण भावाची तीन लेकरं आणि शेत होतं. गजरामामीने त्याला गोठ्यात जागा दिली. तिथे तो बैलांजवळ झोपायचा, पहाटे उठून नांगर जुंपायचा, कापूस वेचायला बायांच्या मागे फिरायचा. मामी त्याचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि दार लोटून घ्यायची. त्याच्याशी ती एक शब्द बोलत नसे, पण चारचौघांत त्याच्याविषयी बोलायला तिला कधी शब्द कमी पडले नाहीत. "मन्हा कुकूवर मोटार घालनारा," असं ती म्हणायची, तो ऐकू येईल इतक्या अंतरावर असतानाच. ज्या दुसऱ्या सहा घरांतली माणसं गेली, त्या घरांतल्या बायका मग तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. त्या दारूचाही संशय घ्यायच्या. मामाने जन्मात दारूला हात लावला नव्हता.

गाडवाटेच्या शेवटाला गावाने सुकलालमामाच्या नावाचा दगड उभा केला. आखाजीला पहिला गुलाल त्या दगडाला. शर्यती पुन्हा बैलांच्याच सुरू झाल्या, कर्ते पुरुष पुन्हा समोर उभे राहू लागले. भिलामामा त्या दिवशी रानात निघून जायचा. कुठल्याही गाडीवर तो पुन्हा बसला नाही. कापूस भरून बैलगाडी निघाली तरी हा कासरा पुतण्याच्या हातात द्यायचा आणि मागून चालत यायचा.

हे सगळं मी लहानपणी पाहिलं आणि इतरांसारखंच गृहीत धरलं. माझ्या लग्नापर्यंत. आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा नेतो, तोच तिच्या पाठीशी उभा राहतो. मला सख्खा मामा एकच उरला होता. पण सासरची माणसं म्हणाली, त्याचा हात नको. वडिलांनी लगेच मान डोलवली आणि आईच्या कुठल्यातरी चुलत भावाला पुढे केलं, ज्याचा चेहरा मला आज आठवत नाही. भिलामामा लग्नाला शहाद्यापर्यंत पायी आला होता. मांडवाबाहेर बसून राहिला, माझ्यासाठी आणलेलं लुगडं कुणाच्या तरी हाती आत पाठवलं आणि न जेवता परत गेला. मला त्याचा राग आला. असा कसा माणूस, की आपल्या बाजूने एक शब्द बोलता येत नाही? त्या रागातच मी पहिल्या आखाजीला माहेरी न राहता सरळ ब्राह्मणपुरीला गेले.

तो रानातच होता. मी त्याला तोंडावर विचारलं, "मामा, तू दारू पियेल व्हता का?"

"नही."

"मंग ब्रेक कसाले उशिरा लागना?"

तो बांधावर बसला. ऊन मरणाचं होतं. मग त्याने सांगितलं, अगदी साध्या आवाजात, कुणाच्या तरी दुसऱ्याचं सांगावं तसं. धुरळ्यातून एकदम भाऊ समोर आला. मधोमध, नेहमीसारखा. त्याने हात उचलला, आणि पुढची काच सगळी लाल झाली. पुढे काही दिसलं नाही. ब्रेक दाबला होता, पण भाऊ सरळ समोर होता म्हणून आंधळेपणीच चाक वळवलं. वळवलं तिकडे ती माणसं उभी होती, आणि भाऊही सुटला नाही.

"हाई तू कोर्टमा कसं नही सांगं?"

"भाऊ समोर उना, त्यान्हा गुलालनी सात मानसं मरनात, असं सांगू?" तो म्हणाला. "भाऊ ते मरी ग्या. पन वहिनीले गावमा ऱ्हानं व्हतं. त्या साही घरं तिन्हा दारशी येतात. आनि तिले सोताले काय वाटतं, की मन्हा धनीनी सोताना हातथीन हाई करं? मी दोन वरीस काढात जेलमा. ती जनमभर काढती."

मी म्हटलं, तू अजूनही काढतोच आहेस. त्यावर तो हसला. मी त्याला हसताना पाहिलेलं तेवढंच. मग त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं: तो जिवंत आहे तोवर वहिनीला हे कळता कामा नये. मी कबूल केलं आणि घरी येऊन रडले. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला.

पुढे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात तापाने तो गेला. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी गोठ्यासमोर बांधून ठेवली होती आणि खांद्याला माणसं नव्हती. सुकलालमामाचे दोन मुलगे, माझे वडील आणि माझा नवरा, असे चौघे कसेबसे झाले. वाटेत त्या सहा घरांची दारं लावलेली होती. बाकीचे लोक ओट्यावर बसून बघत होते. त्यांतल्या कितीतरी जणांना तो खांद्यावर बसवून घाटावरची मोटार दाखवायला न्यायचा, असं आईने मला तिथेच, चालता चालता सांगितलं. चौघांनाच ते ओझं नदीपर्यंत न्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं पांगली. गजरामामी ओसरीत सुपात दादर ज्वारी निवडत बसली होती. तिची मुलं मार्गी लागली होती, घर नवं झालं होतं, त्या घरातली प्रत्येक वीट मामाच्या राबण्यातली होती. मामा आता गेला होता, माझं वचन संपलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मला तिला दुखवायचं होतं, हे मी लपवत नाही. तिच्या हातातलं सूप पडावं, तिने ऊर बडवावा, गोठ्याकडे धावत जावं, असं मला वाटत होतं.

ती निवडतच राहिली.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली.

"कोनी सांगं तुले?"

"कोनी सांगाले कसाले पाहिजे? ताट मन्हा हातमा व्हतं." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुन्हा मोठा मामा कडेलेच उभा व्हतात. भावनी शप्पथ पाळी ऱ्हायंतात. मीच सांगं त्यासले. सारं गाव देखी ऱ्हायनं, भावनी गाडीले भ्यायनात म्हंतीन, म्होरे जा. त्या ग्यात."

मग मी विचारलं, मामाला हे माहीत होतं का.

"नही. त्याले भाऊ दिसना. मी नही दिसनू."

"आनि तू त्याले इतला वरीस उंबराबाहेर वाढं."

"तीन लेकरं व्हतात मन्हा पदरमा," ती म्हणाली. "मन्हं नाव निंघतं ते त्यासले पोरी कोन देतं? कोनावर तरी ते जानंच व्हतं. त्यानी सोताच लीन्हं. मी त्याले सांगाले गयी नव्हती."

"मामी, तो तुन्हासाठे चूप ऱ्हायना."

"हा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. "तो मन्हासाठे चूप ऱ्हायना. आनि मी बी मन्हासाठेच चूप ऱ्हायनू."

तिचे डोळे कोरडे होते. तिने सूप भिंतीला टेकवून ठेवलं, आत गेली आणि चुलीजवळ माझं ताट वाढलं. वरण, दादरची भाकर, मिरचीचा ठेचा. "जेवी ले," तिने आतून हाक मारली, "नही ते तुन्ही मोटार चुकी जाई."

मी आत गेले, ते ताट उचललं आणि उंबऱ्याबाहेर, मामाचं ताट ठेवायच्या जागेवर आणून ठेवलं. मग शहाद्याच्या वाटेला लागले. मोटार मागून आली, भोंगा वाजवून थांबलीसुद्धा. मी तिच्याकडे पाहिलं नाही, चालत राहिले.